झाडावर चढलेला पाच पाकळ्यांचा पांढरा गुलाब: हा खरंच गुलाब आहे का?

ओलीवाट
नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही चौघं हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहीनच (हे मी मागच्या तीन सहलींबद्दलही म्हटलं होतं, माहितीये). सध्या एकच प्रश्न छळतोय.

गुशैणीच्या अलीकडे रस्त्याकडेला सकाळी गाडी थांबवली आणि दार उघडताच गोड, जरासा लवंगेकडे झुकणारा वास आला. फूल मात्र कुठे दिसेना. मग मान वर केली तर एका झाडाचा अख्खा शेंडा पांढरा! आधी वाटलं झाडच फुललंय. जवळ गेल्यावर कळलं, झाड वेगळं आणि फुलं वेगळी. एक काटेरी वेल झाडावर तीस-पस्तीस फूट चढून पलीकडून खाली लोंबत होती. एकेका गुच्छात वीसतीस फुलं. प्रत्येकाला पाचच पाकळ्या, दुधासारख्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. फूल साधारण जुन्या दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं.

होमस्टेच्या ताईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "ये तो कूजा है, जंगली गुलाब." नवऱ्याचं मत, पाच पाकळ्या असल्या तर तो गुलाब कसला. फोनातल्या अॅपने एकदा ब्लॅकबेरी सांगितली, एकदा मल्टिफ्लोरा गुलाब आणि तिसऱ्यांदा जाई. फोटो जोडतेय. जाणकारांनी सांगावं, हा गुलाब असेल तर कशावरून?

खडीसाखर
फोटो काय सुंदर आलेत! उत्तर माहीत नाही, मी इथे सतरंजी घालून बसलेय.

सरधोपट
अॅपचं पहिलं उत्तर बरोबर आहे. ही ब्लॅकबेरीची भावंडं. उत्तराखंडात हिसालू म्हणतात, पिवळी फळं येतात, मी खाल्ली आहेत. तिलाही पाच पांढऱ्या पाकळ्या, काटे आणि भरपूर केसर असतात. गुलाब म्हणजे गुलाबासारखा दिसायला नको का?

तिसरामजला
"गुलाब गुलाबासारखा दिसायला नको का" हे वाक्य फ्रेम करून लावतो.

काटेकोर
सरधोपट, गोंधळ स्वाभाविक आहे, दोन्ही एकाच कुळातली. सफरचंद, बदाम, स्ट्रॉबेरीही त्याच घरातली. पण हा हिसालू नाही, आणि ते ठरवायला फुलाकडे बघायचीही गरज नाही. पान बघा. हिसालूच्या पानाला बेलासारख्या तीन पर्णिका असतात. ओलीवाट यांच्या दुसऱ्या फोटोत मधल्या देठावर समोरासमोर जोड्या आणि टोकाला एक, अशा सात मोजता येतात. शिवाय मे अखेरीस हिसालूची फुलं कधीच सरून फळं धरलेली असतात.

आता फुलाकडे. दोघांतला खरा फरक फुलाच्या खाली आहे. हिसालू-ब्लॅकबेरीत फुलाच्या मधोमध एक उंचवटा असतो आणि त्यावर हिरवे बारीक किंजपुट (ज्यांच्यात बी धरतं ते कप्पे) बसलेले असतात. त्या किंजपुटांचंच पुढे दाणेदार फळ होतं. गुलाबात उलटं. तिथे उंचवट्याऐवजी खड्डा असतो. पाकळ्यांच्या खाली जो हिरवा फुगवटा दिसतो ना, तो आतून पोकळ घट आहे. किंजपुट त्या घटाच्या आत लपलेले असतात आणि घटाच्या चिंचोळ्या तोंडातून फक्त टोकं बाहेर येतात. एकाने पोरं कडेवर घेतली, दुसऱ्याने पोटात.

तिसरा फोटो मोठा करून बघा. फुलांच्या देठांवर भोपळीच्या आकाराचे इवलेसे हिरवे घट स्पष्ट दिसताहेत. गुलाबच.

माझा अंदाज: रोझा ब्रुनोनिआय, म्हणजे हिमालयातला कस्तुरी गुलाब. अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल, नेपाळमार्गे पार म्यानमार-चीनपर्यंत, साधारण बाराशे ते चोवीसशे मीटरच्या पट्ट्यात. होमस्टेच्या ताई अॅपपेक्षा हुशार निघाल्या.

सरधोपट
मान्य, पानं मोजली नव्हती. पण मग बाकीच्या पाकळ्या कुठे गेल्या?

मधलीसुट्टी
सरधोपटभाऊ, प्रश्न उलटा विचारा: आपल्या गुलाबाला एवढ्या पाकळ्या आल्या कुठून? शाळेत नववीला शिकवताना मी दर वर्षी हा उद्योग करते. फुलवाल्याकडचा देवपूजेचा गावठी गुलाब आणायचा, वर्तमानपत्र पसरायचं आणि बाहेरून आत एकेक पाकळी काढत ओळीने मांडत जायचं. बाहेरच्या पाकळ्या ऐटबाज. आत जाल तशा लहान, अरुंद, मुडपलेल्या. आणि अगदी गाभ्याशी अशा काही सापडतात की वर्ग एकदम गप्प होतो. एका कडेने गुलाबी पाकळी आणि दुसऱ्या कडेला चिकटलेली पिवळी परागाची पिशवी! धड पाकळी नाही, धड पुंकेसर नाही. बागेतल्या गुलाबाच्या जादा पाकळ्या म्हणजे पाकळी व्हायला निघालेले पुंकेसर. माणसाने शतकानुशतकं तसली झाडं निवडून वाढवली. रानातला मात्र पाच पाकळ्या आणि ढीगभर केसर यावरच थांबला.

मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, "बाई, मग परागकण कोण बनवणार?" शंभरपैकी शंभर द्यावेसे वाटले. भरगच्च गुलाबांत बऱ्याचदा बी धरत नाही ते यामुळेही.

ओलीवाट
काय मस्त! उद्याच फूल आणून फाडते. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो "बरं बरं" म्हणून चहा करायला गेला. हा विजय समजावा का?

खडीसाखर
चहा स्वतः करायला गेला ना? संपूर्ण विजय.

निघंटू
काटेकोर यांच्या निदानाला जुनी साक्ष देतो. पहाडातला 'कूजा' किंवा 'कुंजा' हा शब्द बहुधा आपल्या निघंटूंतल्या 'कुब्जक'चा नातू. कुब्जकाची पर्यायी नावं बघा: अतिकेसर आणि कंटकाढ्य. भरपूर केसरांचा आणि काट्यांनी भरलेला. ज्याने नाव ठेवलं त्याने पाकळ्यांचं कौतुक न करता केसर मोजलेत.

अवांतर: हिंदीत 'सेवती' म्हणजे पांढरा गुलाब आणि आपली 'शेवंती' म्हणजे भलतंच फूल. माझ्या एका भाच्याने इंदूरच्या सासूबाईंनी सेवती मागितली म्हणून दादरच्या बाजारातून दोन किलो शेवंती नेली होती. लग्न टिकलंय.

सरधोपट
आणि 'गुलाब' म्हणजे मुळात गुलाबपाणी ना? गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी.

निघंटू
बरोबर. फारसीतला शब्द. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग त्या पाण्याला 'गुलाबपाणी' म्हणून पुन्हा पाणी जोडलं.

ऱ्हाईनकाठ
जर्मनीहून हजेरी. आमच्याकडे कुंपणाकुंपणाला रोझा कॅनिना असतो, फिकट गुलाबी, पाच पाकळ्या. कॅनिना म्हणजे कुत्र्याचा. याच्या मुळाने पिसाळलेल्या कुत्र्याचं विष उतरतं, ही समजूत रोमन काळापासूनची, रोमन लेखक प्लिनीनेसुद्धा लिहून ठेवली आहे. (आता कुणी करून बघू नये, थेट दवाखाना गाठावा.)

याचं एक कोडं इथे जुन्या माणसांना पाठ असतं. मराठीत सांगायचं तर असं: आम्ही पाच भाऊ एकाच वेळी जन्मलो. दोघांना दाढी, दोघांना नाही, पाचव्याला एकाच गालावर. ओळखा!

तिसरामजला
पाचवा न्हाव्याकडून अर्धवट उठून आला.

खडीसाखर
पांडव? पण दाढीचा संदर्भ लागत नाही.

काटेकोर
संदलं! वा ऱ्हाईनकाठ, हे इथे आणल्याबद्दल धन्यवाद.

पाकळ्यांच्या खाली पाच हिरवी संदलं असतात. कॅनिनात त्यांच्या कडांना पिसासारखे फुटवे येतात, ती दाढी. कळीत पाचही एकमेकांवर दुमडून बसतात, पण गोल चक्रासारखी एकसारखी नाही. दोन पूर्ण बाहेर, त्यांच्या दोन्ही कडा मोकळ्या. दोन पूर्ण आत, त्यांच्या दोन्ही कडा झाकलेल्या. पाचव्याची एक कड बाहेर, एक आत. जी कड कळीत बाहेर राहिली तिलाच दाढी फुटते. घरी करून बघायचं असेल तर खोक्याची झाकणं आठवा. चार झाकणं एकाखाली एक अडकवतो तसं नाही, आधी दोन ठेवायची, एक तिरकं खोचायचं, वरून उरलेली दोन.

कूजाची संदलं अरुंद, लांब टोकाची, त्यांना दाढी फारशी नसते. पण फूल उमललं की ती मागे वळतात आणि फळ पिकायच्या आत गळून जातात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

खडीसाखर
'पुढे कामाला येईल' म्हणजे परीक्षा आहे की काय? मी दोन वर्षांपूर्वी लडाखला गेले होते तेव्हाचा एक फोटो टाकते. गर्द गुलाबी, पाच पाकळ्या, कमरेएवढं झुडूप, नुसत्या दगडगोट्यांत. हा कुठला?

काटेकोर
रोझा वेबियाना असावा. लडाख, लाहौल-स्पितीतला कोरड्या उतारांवरचा नेहमीचा गडी. फुलं सुटी किंवा दोनतीन, कूजासारखे गुच्छ नाहीत. फळ तांबडं, आणि पिकल्यावरही संदलं त्याच्या डोक्यावर शेंडीसारखी तशीच. झालं ना काम? फळाला शेंडी आहे की टक्कल, यावरून निम्मे रानगुलाब वेगळे होतात.

सरधोपट
काटेकोरसाहेब, रानगुलाबाला पाच पाकळ्या हा नियम पक्का ना? म्हणजे एकदाच डोक्यात बसवतो.

काटेकोर
दीडशेच्या आसपास जाती आहेत आणि जवळपास सगळ्यांना पाच. अपवाद आपल्याच हिमालयात आहे, कूजाच्याही वर, थंडीत. रोझा सेरिसिया. याला बहुतेक वेळा चारच पाकळ्या. पांढऱ्या क्रॉससारखं फूल, संदलंही चार.

सरधोपट
म्हणजे डोक्यात काही बसवायचंच नाही.

तिसरामजला
आता माझी कर्मकथा ऐका, या धाग्याने जुनी जखम उघडली.

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका रोपवाटिकेतून गर्द लाल गुलाबाचं कलम घेतलं. पहिलं वर्ष दृष्ट लागावी अशी फुलं. दुसऱ्या पावसाळ्यात बुडातून जोरदार फुटवा आला, लांबच लांब, हिरवागार. मला काय आनंद! शेणखत, सरकीची पेंड, ताकसुद्धा घातलं. तो फुटवा गच्चीच्या कठड्यावर चढला आणि लाल फांदी हळूहळू वाळत गेली. मार्चमध्ये त्याला फुलं आली: नखाएवढी, पांढरी, पाच पाकळ्यांची, झुबक्यांत. मी तडक जाऊन भांडलो, "लाल सांगून पांढरा दिलात!" तिथला माळी शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही खुंट वाढवला. डोळा मेला."

सौ. अजून पाहुण्यांना ते झाड दाखवून "हे यांनी ताक पाजून वाढवलेलं" असं सांगते.

मधलीसुट्टी
हाहाहा, ताक!

खडीसाखर
खुंट, डोळा म्हणजे काय? आम्ही फ्लॅटवाले, आमच्याकडे फक्त मनीप्लांट.

तिसरामजला
रानटी किंवा काटक गुलाबाची काडी रुजवतात, तो खुंट. त्याच्या सालीत इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन, हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला अंकुर, त्यात बसवतात आणि पट्टी बांधतात. डोळा धरला की वरचा रानटी शेंडा छाटतात. मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, आणि तो सगळं अन्न ओढतो. आमच्या माळीबुवांचा नियम: पाच पानं कलम, सात पानं रान.

काटेकोर
तिसरामजला, सहानुभूती आहे, पण तो नियम बेभरवशाचा. चांगल्या कलमी गुलाबांनाही जोमात सात पर्णिका येतात आणि लोक चांगली फांदी कापून टाकतात. पान मोजण्यापेक्षा माती बाजूला करा आणि फुटवा जोडाच्या वरून निघालाय की खालून ते बघा.

तुमची नखाएवढी पांढरी फुलं मल्टिफ्लोराची वाटतात. हा मूळचा जपान-कोरिया-चीनकडचा, खुंटासाठी खूप वापरतात. खात्री हवी असेल तर पानाच्या देठाच्या बुडाशी बघा. गुलाबात तिथे दोन्ही बाजूंना हिरव्या पट्ट्या देठाला चिकटलेल्या असतात, ती उपपर्णं. मल्टिफ्लोरात या पट्ट्यांची कड कंगव्यासारखी कातरलेली असते, जशी शालीची झालर. एकदा बघितलीत की जन्मभर विसरणार नाही.

तिसरामजला
आत्ता टॉर्च घेऊन गच्चीवर जाऊन आलो. झालर आहे! डास चावले, पण झालर आहे!

पमा_अमेरिकेतून
मल्टिफ्लोराचं नाव वाचून अंगावर काटा आला. शब्दशः. पेनसिल्व्हेनियात आमच्या घरामागे त्याचं रान माजलंय. इथे 1930 च्या दशकात सरकारच्याच मृदसंधारण खात्याने माती धरायला आणि जनावरांना जिवंत कुंपण म्हणून शेतकऱ्यांना त्याची रोपं वाटली होती. पाखरांनी फळं खाल्ली, बिया पसरल्या, आणि आता अनेक राज्यांत तो उपद्रवी तण म्हणून जाहीर आहे. आपल्याकडच्या घाणेरीसारखं समजा. सासरे भारतातून आले होते, ते म्हणाले "अगं गुलाब कशाला तोडतेस, पाप लागेल." दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी त्यांचं धोतर अडकलं. तिसऱ्या दिवशी तेच कात्री घेऊन निघाले.

मधलीसुट्टी
अंगावर काटा वरून आठवलं. गुलाबाचा 'काटा' आणि बाभळीचा 'काटा' या एकच गोष्टी नव्हेत. गुलाबाचा काटा अंगठ्याने आडवा दाबा, टक्कन निघतो, खाली ओलसर वण राहतो. तो नुसत्या सालीचा उंचवटा, आत लाकडाशी नातं नाही. काटेसावरीचे काटेही तसलेच. लहानपणी आम्ही थुंकी लावून ते नाकावर चिकटवायचो आणि गेंडा व्हायचो. बाभळीचा काटा म्हणजे काटा झालेलं उपपर्ण. लिंबाचा पानाच्या बगलेतला. डाळिंबाच्या तर फांदीचंच टोक काटा होतं. हे काटे मोडतात, सुटून येत नाहीत.

सरधोपट
काट्यांमध्येही जात! पण मग गुलाबाचा काटा वाकडा का?

काटेकोर
तीर्थनच्या वेलीला विचारा. तिला ना तणावे, ना झाडाला वेढे घालायची सवय. नवा लांब कोंब दुसऱ्याच्या फांद्यांत घुसतो आणि खाली वळलेले आकडे मागे सरकू देत नाहीत. पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. पमाताईंच्या सासऱ्यांच्या धोतराला हा अनुभव आहे.

ऱ्हाईनकाठ
फळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. इथे त्याला हागेबुटं म्हणतात (हसू नका, मी पहिल्यांदा दुकानात ऐकून पुरेशी हसलेय). चहा, मुरंबा सगळं होतं. क जीवनसत्त्व भरपूर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनाशी झाली तेव्हा लोकांनी कुंपणावरची ही फळं गोळा केली आणि त्यांचं सरबत लहान मुलांना दिलं.

पण आतून साफ करणं म्हणजे शिक्षा. काटेकोर म्हणाले तो पोकळ घटच पिकून लाल होतो. आत कठीण दाणे आणि त्यांच्यात गच्च भरलेली बारीक टोकदार लव. मी पहिल्या वर्षी हातमोजे न घालता दोन किलो साफ केली. रात्रभर खाजकुयलीचा प्रयोग. इथली वात्रट पोरं ही लव मित्राच्या कॉलरमध्ये टाकतात.

अजून एक. हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या मागच्या भिंतीवर एक कॅनिना आहे. त्याला हजार वर्षांचा म्हणतात, अभ्यासक सातशेच्या आसपास मानतात. 22 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात चर्च कोसळलं, झाड जळून ढिगाऱ्याखाली गेलं. काही आठवड्यांत मुळातून नवे फुटवे आले. मी मे अखेरीस मुद्दाम गेले होते. फुलं अगदी साधी, माझ्या कुंपणावरच्यासारखीच. तरी तिथे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

निघंटू
तिसरामजला यांच्यासाठी: तोही खुंटच वाढला. पण तिथे खुंट हेच झाड होतं.

काटेकोर
आणि त्या घटातले 'दाणे' हीच खरी फळं, प्रत्येकात एकेक बी. कृत्स्नफळं म्हणतात. आपण फळ म्हणून खातो ती पिशवी.

कॅनिनाची अजून एक गंमत, आवरत नाही म्हणून सांगतो. गुलाबांत गुणसूत्रांचा संच सातचा. कूजाकडे दोन संच, चौदा. कॅनिनाकडे पाच, पस्तीस. पाच हा विषम आकडा, निम्मे कसे करणार? तर परागकणात फक्त सात जातात आणि बीजांडात अठ्ठावीस. पोराला बापाकडून सात, आईकडून अठ्ठावीस, पुन्हा पस्तीस. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांना हे उलगडलं. कॅनिनाची पोरं आईवर का जातात, ते यावरून लक्षात येईल.

तिसरामजला
माझ्या घरीही हेच प्रमाण आहे.

खडीसाखर
आणि ते 'ब्रुनोनिआय' काय प्रकरण? ब्रुनो कोण?

निघंटू
रॉबर्ट ब्राउन, स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ. वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडलीने 1820 मध्ये या गुलाबाला त्यांचं नाव दिलं, ब्राउनचं लॅटिन रूप करून. पाण्यात परागातले कण थरथरताना बघून भौतिकशास्त्रात 'ब्राउनीय गती' आली, ती याच ब्राउनच्या नावाची. म्हणजे गुलाबाला आधी त्यांचं नाव मिळालं, थरथरीला नंतर.

पायदळ
धागा वाचला, छान. एक विचारू का? सह्याद्रीत रानगुलाब नाही का? पंचवीस वर्षं भटकतोय, मला एकदाही दिसला नाही.

काटेकोर
मलाही आपल्या बाजूच्या सह्याद्रीत दिसलेला नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात मात्र आहे: निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत रोझा लेशेनॉल्टियाना, तोही पांढरा आणि चढणारा, कूजाचा जवळचा नातेवाईक. आणि बंगाल-बिहारच्या नदीकाठी रोझा क्लिनोफिला, पावसाळ्यात पाय पाण्यात बुडाले तरी तग धरणारा. कोडाईकनालच्या वीरराघवन यांनी याच क्लिनोफिलापासून उष्ण हवेत टिकणारे बागेतले गुलाब तयार केले आहेत. आपल्या गच्चीवरचे बहुतेक गुलाब थंड देशांच्या आवडीनिवडीचे वंशज, म्हणून एप्रिलमध्ये मान टाकतात.

सरधोपट
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला हरायला आवडत नाही. अॅपचं दुसरं उत्तर मल्टिफ्लोरा होतं. तोही पांढरा, पाच पाकळ्या, गुच्छ, चढतो. तीर्थनमध्ये कुणाच्या बागेतून निसटलेला मल्टिफ्लोरा नसेल कशावरून? काटेकोर 'अंदाज' म्हणाले होते, निकाल दिला नव्हता.

काटेकोर
शाबास. शंका रास्त आहे. बाजूने सांगायचं तर फुलाचा आकार. नाण्याहून मोठं फूल मल्टिफ्लोराला जरा जास्तच. पर्णिका लांबट, खाली लोंबणाऱ्या, राखाडी झाक, हेही कूजाकडे झुकतं. वासावरून ठरणार नाही. या गटातल्या गुलाबांचा वास पाकळ्यांपेक्षा पुंकेसरांतून येतो आणि हवेवर दूर जातो, म्हणून ओलीवाट यांना फूल दिसण्याआधी वास आला. पण मल्टिफ्लोराही त्याच गटातला.

या गटाची खूण म्हणजे फुलाच्या मधोमध घटाच्या तोंडातून वर आलेला एक दांडा. सगळे किंजल (किंजपुटांची ती बाहेर आलेली टोकं) एकमेकांना चिकटून एकच खांब होतात. कॅनिनात ते सुटे राहून बुटकी गादी दिसते. कूजाचा खांब लवदार, मल्टिफ्लोराचा गुळगुळीत. पण फोटोत लव दिसत नाही आणि उपपर्णं सावलीत आहेत. झालर आहे की नाही ते कळलं तर निकाल लागेल.

ओलीवाट
थांबा थांबा! मी एक डहाळी वहीत दाबून ठेवली होती. ती वही नणंदेकडे नागपूरला गेलीय, सहलीचा हिशोब तिच्यात आहे म्हणून.

पायदळ
तीर्थनकडच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या भागातून डहाळी तोडलीत? हे बरं नव्हे.

ओलीवाट
तोडली नाही हो. उद्यानाच्या हद्दीबाहेर, रस्त्यावर गुरांनी तुडवलेली पडली होती, ती उचलली. नणंदेला फोन केला, ती ऑफिसात आहे. संध्याकाळी फोटो पाठवते म्हणाली.

खडीसाखर
नागपूर, लवकर!

ओलीवाट
आला फोटो. दोन आहेत. पाकळ्या तपकिरी होऊन हिशोबाच्या पानाला चिकटल्यात. पानाच्या देठाचं बूड तिने भिंगातून काढलंय. मला तरी पट्टीची कड सरळ दिसते, टोकाला एक बारीक सुळका. कंगवा नाही. आणि एका फुलाच्या मधोमध काडीसारखं उभं काहीतरी आहे, त्यावर पांढुरकी लव आहे असं ती म्हणते. काटेकोर, बघता का?

काटेकोर
बघितलं. कड अखंड, झालर नाही. खांब एकजीव आणि लवदार. कूजा, निःसंशय. नणंदबाईंना सांगा, भिंग छान धरलंय.

आणि फोटोत पाकळीखाली 'डिझेल 3200, सरधोपट देणे बाकी' असं वाचता येतंय. सरधोपट, तुम्हीही होतात का त्या गाडीत?

सरधोपट
मी तिचा नवरा. चहा करायला गेलो होतो तो इथे लिहायलाच.